कॅटकॉन बदलण्याआधी: पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासावा कसा, टिकवावा कसा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० (कॅटकॉनचं काम मंदावल्याची खूण) हा कोड दिसतो आणि गॅरेजमधून लगेच निकाल मिळतो, "कॅटकॉन गेलाय, नवीन टाकावा लागेल." कंपनीच्या नव्या भागाची किंमत बहुतेक गाड्यांत पाच आकडी असते. मन घट्ट करून तो टाकला की दिवा विझतो, आणि पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा लागतो. कॅटकॉन, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, यात हलणारा एकही भाग नाही. धडधाकट इंजिनामागे तो लाख-दीड लाख किलोमीटर आरामात काढतो. त्याआधीच मेला असेल तर त्याला इंजिनाने मारलेलं असतं, आणि मारेकरी तसाच ठेवून नवा डबा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून इथे बदलण्यापेक्षा तपासणीवर जास्त भर दिला आहे.

पुढचं सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे. डिझेलच्या मागे वेगळी यंत्रणा असते, तिचा हिशेबही वेगळा.

डब्याच्या आत

स्टेनलेस स्टीलच्या डब्यात कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची वीट असते. मधाच्या पोळ्यासारखी आरपार बारीक भोकं, एका चौरस इंचात चारशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर, त्यात सीरियम ऑक्साइड, आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू. तिन्ही मिळून जेमतेम काही ग्रॅम. विटेभोवती चटईसारखं वेष्टण असतं, ते तिला डब्यात घट्ट धरून ठेवतं. हे वेष्टण सुटलं की वीट खडखडायला लागते.

काम तीन प्रकारचं. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजन ऑक्साइडचा नायट्रोजन सुटा होतो. पहिल्या दोघांना ऑक्सिजन हवा असतो, तिसऱ्याकडून तो काढून घ्यायचा असतो. ही देवाणघेवाण जमते ती हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ असेल तेव्हाच. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हेच प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. मिश्रण क्षणभर इकडे-तिकडे झालं तर सीरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवतो आणि कमी पडला की परत देतो.

पी०४२० समजायचा असेल तर ही साठवण लक्षात ठेवा. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, काही धूर मोजत नाही. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरला दिसणारा चढउतार मागच्यालाही तसाच दिसू लागला, म्हणजे मधला साठा आटला, असं ईसीयू मानतो. बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत असं आढळलं की दिवा लागतो. थोडक्यात कोड हा अंदाज आहे, आणि तो चुकायच्या वाटाही बऱ्याच आहेत.

पर्यावरणाचं म्हणाल तर एक गैरसमज आधी काढून टाकू. कन्व्हर्टर कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, उलट थोडा वाढवतोच. त्याचा उपयोग आहे तो माणसाच्या फुप्फुसाला थेट झोंबणाऱ्या वायूंसाठी. नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेलं इंधन उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो यामुळे रोखला जातो. तापलेला, चांगला कन्व्हर्टर हे तिन्ही वायू नव्वद टक्क्यांहून जास्त संपवतो. थंड असताना मात्र तो जवळजवळ काहीच करत नाही. २५० ते ३०० अंश सेल्सियसला तो जागा होतो. नव्या गाड्यांत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळीला) चिकटलेला असल्याने मिनिटाभरात तापतो. जुन्या गाड्यांत तो पायाखाली, बराच मागे असतो आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. नाक्यावरून दूध आणण्यापुरती गाडी काढली तर त्या फेरीतलं बहुतेक प्रदूषण हे या पहिल्या मिनिटांतलं असतं. ती फेरी पायी करणं उत्तम.

दोन वेगळे आजार

गॅरेजमध्ये दोन्हींना "कॅटकॉन गेला" म्हणतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिल्या आजारात रसायन मरतं. वीट शाबूत, भोकं मोकळी, पण धातूंवर विषाचा थर बसलेला किंवा अतिउष्णतेने त्यांचे कण एकमेकांत मिसळून पृष्ठभाग कमी झालेला. पी०४२० येतो, पीयूसीत आकडे वाढतात, पण गाडीचा पिकअप आणि ॲव्हरेज जवळपास आधीसारखेच राहतात. "कॅटकॉन खराब आहे म्हणून ॲव्हरेज पडलाय" असं कोणी या अवस्थेत सांगितलं तर ते उलटं आहे. ॲव्हरेज ज्या कारणाने पडला त्याच कारणाने कॅटकॉन मरतो आहे.

दुसऱ्या आजारात वाट बुजते. वीट वितळलेली, तडकून फिरलेली किंवा काजळीने भरलेली. धूर बाहेर पडायला जागा नाही, त्यामुळे नवी हवा आत यायला जागा नाही. गाडी आयडलिंगला बरी चालते, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम टाकते. ॲक्सिलरेटर दाबावा तसा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. जुन्या खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकणारी गाडी सपाट रस्त्यावर साठने निमूट जाते, हे त्याचं ठरलेलं रूप. गंमत अशी की यात पी०४२० येईलच असं नाही. उरलेली वीट रसायनाचं काम करतच असते.

तपासणी: स्वस्तापासून महागाकडे

इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात करा. रबरी हातोडीने किंवा मुठीने कन्व्हर्टरवर हलकेच ठोका. आतून खुळखुळल्यासारखा आवाज आला तर वीट फुटली किंवा सुटली आहे आणि पुढच्या बऱ्याच चाचण्यांची गरज नाही. पत्र्याचा पातळ तिडतिड आवाज आला तर तो बाहेरच्या उष्णतारोधक पत्र्याचा. त्याला स्टेनलेसचा मोठा होज क्लॅम्प आवळला की काम भागतं. दोन्हींतला फरक कानाला पटकन कळतो. तरीही केवळ पत्रा वाजतो म्हणून आख्खा डबा बदललेल्या गाड्या कमी नाहीत.

मग गळती शोधा. मॅनिफोल्डचं पॅकिंग, फ्लेक्स पाइपची जाळी आणि सेन्सरची चुडी (आटे) या तीन जागा. गार इंजिन सुरू करून लगेच टिक-टिक आवाज ऐका. मदतनीसाला जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडावर काही सेकंद धरायला सांगा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील. धूर बाहेर जातो त्याच भोकातून दोन दाबांच्या मध्ये हवा आतही ओढली जाते, आणि त्या हवेतला ऑक्सिजन मागच्या सेन्सरला फसवतो. गळती असताना पी०४२० वर विश्वास ठेवू नका. हे काम बंद गॅरेजमध्ये कधीही करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता स्कॅनर. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. पी०४२० च्या सोबत आणखी काय आहे ते आधी बघा. पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसफायर (सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटणं), पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पी०१७२ म्हणजे जास्त होतंय, पी०१३५ किंवा पी०१४१ म्हणजे सेन्सरचा हीटर. यांतला एकही असेल तर तो आधी सोडवा आणि पी०४२० तोवर विसरा.

फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो हिशेब. त्याचे दोन आकडे असतात, शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (कायमचा). गरम इंजिनावर दोन्हींची बेरीज शून्याच्या अल्याड-पल्याड पाच टक्क्यांत असली की उत्तम, दहाच्या बाहेर गेली की कारण शोधायचं. इथे एक खाच आहे. शुद्ध पेट्रोल किंवा ई१० साठी बांधलेली जुनी गाडी ई२० वर चालली की लाँग ट्रिम चार ते आठ टक्के अधिककडे सरकतो. तो इंधनातल्या इथेनॉलचा हिशेब आहे, बिघाड नव्हे. अधिक बारा-पंधरा दिसलं तर मात्र व्हॅक्यूमची गळती, अडकलेला इंजेक्टर किंवा गाडीतला दमलेला इंधन पंप यांच्यामागे लागा.

मग मागच्या सेन्सरचा आलेख. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, उभी करून न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमला दोन-तीन मिनिटं धरा. मागचा सेन्सर ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ रेषेत राहिला तर कन्व्हर्टर जिवंत आहे. ०.१ ते ०.९ मध्ये पुढच्यासारखाच नाचत असेल तर साठा संपलाय. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर रुंद पल्ल्याचा असतो, तो असा नाचतच नाही, त्यामुळे दोघांची नुसती तुलना करून निष्कर्ष काढू नका. मागचा एकटा बघितला तरी चालतं. तो सतत ०.१ च्या खाली पडून असेल तर गळती किंवा खराब सेन्सर.

इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं आणि मागचं तापमान मोजून कॅटकॉन "पास-नापास" करायची पद्धत बरीच चालते. मागची बाजू पुढच्यापेक्षा गरम असावी, हे तत्त्व बरोबर आहे. पण आजचं इंजिन आयडलिंगला इतकं स्वच्छ जळतं की कन्व्हर्टरला जाळायला फारसं काही उरतच नाही, मग चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक दिसत नाही. उलट मागची बाजू शंभर-दीडशे अंशांनी जास्त गरम असेल तर इंजिन न जळलेलं पेट्रोल आत ढकलतंय, हे मात्र नक्की.

वाट बुजली आहे का, हे कसं ओळखायचं

पिकअपची तक्रार असेल तरच हा भाग करा.

१. व्हॅक्यूम गेज थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला टी जोडून लावा. इंजिन गरम असू द्या.

२. आयडलिंगला काटा १७ ते २१ इंच पारा दाखवतो. हे समुद्रसपाटीचे आकडे, म्हणजे मुंबई-पणजीला लागू. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. पुणे साडेपाचशे मीटरच्या पुढे आहे, तिथे दोनेक इंच वजा. महाबळेश्वरला चारहून जास्त. हे न धरता पुण्यातली चांगली इंजिनं "कमजोर" ठरवली जातात.

३. २५०० आरपीएमवर नेऊन मिनिटभर स्थिर धरा. काटा क्षणभर पडून पुन्हा आयडलिंगच्या आकड्याला किंवा त्याच्या किंचित वर येऊन थांबला की वाट मोकळी. आरपीएम तेच असताना काटा हळूहळू खाली घसरत गेला तर मागे दाब साठतोय.

शंका उरली तर थेट दाब मोजा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर २२ मिमीच्या खाच असलेल्या सॉकेटने काढा, त्याच जागी एम१८ × १.५ चुडीचा ॲडॉप्टर आणि ० ते १० पीएसआयचा गेज लावा. गेजआधी हातभर धातूची नळी हवी, रबर वितळतं. आयडलिंगला सव्वा पीएसआयच्या आत, २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत, हे ठीक. त्याहून जास्त आला तर अडथळा आहे, पण तो कन्व्हर्टरमध्येच आहे की मागच्या सायलेन्सरमध्ये, हे अजून ठरलेलं नाही. सायलेन्सरचा आतला पत्रा सुटून तोंड बंद होणं ही नेहमीची गोष्ट आहे. कन्व्हर्टरमागचा सांधा मोकळा करून पुन्हा मोजा. दाब तसाच राहिला तरच दोष कन्व्हर्टरचा.

मारेकरी कोण

सगळ्यात वरचा नंबर मिसफायरचा. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथलं पेट्रोल आणि हवा तशीच्या तशी कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. कॉर्डिएराइट वितळायला १४०० अंशांच्या पुढे जावं लागतं, पण त्याच्या कितीतरी आधी, ९०० ते १००० अंशांवर, धातूंचे कण जुळून रसायन मंदावतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच की आत्ता, या क्षणी कन्व्हर्टर भाजला जातोय. ॲक्सिलरेटर सोडा, हळू कडेला घ्या. "घरापर्यंत नेतो" म्हणून पंचवीस किलोमीटर रेटणं म्हणजे ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या खर्चात कन्व्हर्टरची भर घालणं.

मिसिंग (म्हणजे मिसफायर) शोधण्याची सोपी युक्ती अदलाबदलीची आहे. पी०३०२ आला असेल तर दोन नंबरची कॉइल तीनला आणि तीनची दोनला लावा, कोड पुसा, चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर, आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडरांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. एक जुनी सवय मात्र सोडा. इंजिन चालू असताना एकेक प्लगची वायर किंवा कॉइल काढून "कुठला सिलिंडर मारत नाही" ते बघायची पद्धत कार्ब्युरेटरच्या काळात खपत होती. आज त्या प्रत्येक अर्ध्या मिनिटात कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. करायचंच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या वायरचा प्लग आधी काढा. धक्का मारून गाडी सुरू करण्याचंही तेच. एकदा-दोनदा जमलं तर ठीक, गल्लीभर ढकलू नका.

दुसरा मारेकरी इंजिन ऑइल. ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त जळून धातूंवर काचेसारखा थर बसतो, आणि तो निघत नाही. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघून लिहून ठेवा. हजारात पाव लिटरच्या वर जात असेल तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत नेणारा) बघा, तो शेकड्यांत येतो आणि बुजला की ऑइल इनटेकमध्ये ढकलतो. मग व्हॉल्व्हचे सील, शेवटी रिंगा. पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल घाला. ट्रकचं डिझेल ऑइल "घट्ट असतं, कमी जळतं" म्हणून छोट्या पेट्रोल गाडीत ओतलं जातं, त्यात फॉस्फरस सहसा जास्त असतो.

तिसरा कूलंट. हेड गॅस्केट गळत असेल तर कूलंटमधली रसायनं पुढच्या सेन्सरला आधी आणि कन्व्हर्टरला नंतर पांढुरक्या थराने झाकतात. सेन्सर बाहेर काढल्यावर टोक पांढरं, खडूसारखं दिसलं तर कूलंट किंवा सिलिकॉन. काळं आणि मऊ असेल तर जास्त पेट्रोल. तपकिरी-काळपट, चिकट असेल तर ऑइल. सिलिकॉन म्हणजे पॅकिंग चिकटवायची साधी पेस्ट. एक्झॉस्टच्या सांध्यावर ती लावायचीच नाही, आणि इंजिनला लावायची असेल तर ट्यूबवर "ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित" असं लिहिलेली घ्या.

शिसं हे कन्व्हर्टरचं जुनं विष. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा पंपांवर शिसं नसलेल्या पेट्रोलची वेगळी सोय करावी लागली होती. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं गेलं, त्यामुळे आज त्याची काळजी नाही. पेट्रोलमधलं गंधकही १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आलं आहे. उरते ती भेसळ. तिचा संशय असेल तर दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरा आणि बिल जपून ठेवा.

सीएनजीचा प्रश्न थोडा निराळा आहे. सीएनजीतला मिथेन जिद्दी वायू आहे, कन्व्हर्टरला तो जाळायला पेट्रोलच्या धुरापेक्षा जास्त तापमान लागतं. शिवाय सीएनजीला ठिणगी जोरकस हवी. प्लग जुने झाले की पेट्रोलवर गाडी गुळगुळीत चालते आणि गॅसवर मिसिंग करते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅसचं मिश्रण पातळ ठेवून ॲव्हरेज वाढवून देणारे फिटर भेटतात. त्याची किंमत आधी व्हॉल्व्ह आणि मग कन्व्हर्टर मोजतो. सीएनजीवर प्लग पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आधीच बदला, आणि किटचं ट्युनिंग पेट्रोल ट्रिमचे आकडे समोर ठेवून करून घ्या. गॅसवर गेल्यावर ट्रिम दहा टक्क्यांहून जास्त हलत असेल तर किटमधला गॅसचा हिशेब (मॅप) चुकलाय.

बाहेरून होणारे घाव कमी नाहीत. उंच गतिरोधकावर पोट घासून डबा चेपला की आतली वीट तडकते. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात लालभडक तापलेला कन्व्हर्टर एकदम बुडाला तरी तेच. पाण्यात घुसण्याआधी दोन मिनिटं थांबलात तर त्याचाही फायदा आणि पुढचं पाणी किती खोल आहे तेही कळतं. आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागते.

पीयूसीची चिठ्ठी वाचा

बहुतेक लोक तारीख बघून ती डॅशबोर्डमध्ये टाकतात. बीएस ४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम ही मर्यादा आहे, पण चांगला तापलेला कन्व्हर्टर याच्या खूप खाली, ०.०५ टक्के आणि ५० पीपीएमच्याही आत असतो. पास झालेली गाडी निरोगीच असते असं नाही. गेल्या वेळी ०.०२ आणि आता ०.२२ असेल तर काहीतरी सुरू झालंय. दोन्ही आकडे वाढले तर पेट्रोल जास्त होतंय. हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन वाढले पण मोनॉक्साइड कमी असेल तर मिसिंग किंवा पातळ मिश्रण. चाचणीआधी गाडी किमान पंधरा मिनिटं चालवून न्या. गार कन्व्हर्टरची चाचणी म्हणजे कन्व्हर्टर नसलेल्या गाडीची चाचणी.

साफ होतो का?

टाकीत ओतायच्या बाटल्या काजळीवर थोडंफार काम करतात. तेवढं काम महामार्गावर खालच्या गिअरमध्ये, ३०००-३५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवूनही होतं, तेही इंजिन नीट असेल तर. वितळलेली वीट, फॉस्फरसचा थर, जुळलेले धातूचे कण यांवर कुठलीच बाटली चालत नाही. टाकीत थिनर ओतण्याचे व्हिडिओ बघून ते करू नका, टाकीतल्या इंधन पंपाचं रबर आणि सील फुगतात.

डबा रिकामा करून परत जोडणं आणि मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला धुरापासून दूर ठेवणारा तुकडा) लावून दिवा विझवणं, हे जुगाड सर्रास विचारले जातात. आजच्या लहान इंजिनाला चालू स्थितीतला कन्व्हर्टर काढून मिळणारा पिकअप नगण्य आहे. बुजलेला काढल्यावर जो फरक जाणवतो तोच चांगला कन्व्हर्टर लावूनही मिळतो. शिवाय प्रदूषण मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बदलायचाच झाला तर

वॉरंटी आधी तपासा, एक्झॉस्टचा भाग तीत येतो का ते लेखी विचारा. कंपनीबाहेरचा भाग घेताना त्या इंजिनासाठी आणि त्या बीएस टप्प्यासाठीच तो आहे ना, हे बघा. बीएस ३ साठीचा डबा बीएस ६ मध्ये अचूक बसेल, पण धातूचं प्रमाण कमी असल्याने थोड्याच दिवसांत पी०४२० परत येईल. "युनिव्हर्सल" म्हणून मिळणारे स्वस्त डबे याच कारणाने महाग पडतात.

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका, जॅक स्टँड लावा. एक्झॉस्ट पूर्ण गार होऊ द्या. नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारा आणि सकाळी पुन्हा. बॅटरीचा ऋण टोक काढा. सेन्सरच्या वायरचा प्लग आधी सोडवा, मग सेन्सर. वायर पिळली की आतून तुटते. नट हटत नसेल तर किंचित आवळून मग सोडा. जबरदस्तीने स्टड मोडला तर मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. मागचा सांधा आधी सोडवा, मग पुढचा, आणि सायलेन्सर रबरावर लोंबकळत ठेवू नका, खाली आधार द्या.

जोडताना पॅकिंग, नट आणि स्प्रिंगचे बोल्ट नवे. दिशेचा बाण धुराच्या दिशेने. सगळे सांधे आधी हाताने बसवा, रबराच्या हँगरवर ताण नाही हे बघा आणि मग पुढून मागे आवळत या. सेन्सरच्या चुडीवर अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी पातळ, टोकाला थेंबही लागता कामा नये. नव्या सेन्सरला बहुतेकदा तो लावूनच येतो. आवळ ४० ते ५० न्यूटन मीटर, गाडीच्या पुस्तकात वेगळा असेल तर तो खरा. मॅनिफोल्डला चिकटलेला कन्व्हर्टर फुटला असेल तर बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडर बघून घ्या. काही इंजिनांत सिरॅमिकची धूळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून परत आत ओढली जाते आणि भिंतींवर चरे पाडते. मग इंजिन ऑइल खातं, आणि नवा कन्व्हर्टर त्याच विषाने मरायला लागतो.

सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडा धूर आणि वास येतो, चटईतला चिकटपणा जळतो तो. कोड पुसा. मग रात्रभर गार झालेल्या गाडीने एक फेरी करा: दोन मिनिटं आयडलिंग, दहा मिनिटं शहरात, पंधरा मिनिटं ६० ते ८० च्या स्थिर वेगाने, आणि शेवटी ब्रेक न लावता वेग उतरू द्या. स्कॅनरवर कॅटॅलिस्टचा मॉनिटर "तयार" दिसला की चाचणी झाली. तो तयार होईपर्यंत दिवा लागला नाही याला अर्थ नाही.

जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. आतल्या धातूंना भंगारात चांगला भाव मिळतो, आणि "जुना माल आमचा" हे बिलात न लिहिताच गृहीत धरलं जातं. नव्या भागाचा दर ठरवतानाच जुन्याची किंमत वजा करून मागा. याच भावामुळे रस्त्यावर उभ्या गाड्यांचे कन्व्हर्टर कापून नेले जातात, मारुती ईकोसारख्या व्हॅनचे विशेष. सकाळी सुरू करताच गाडी अचानक ट्रॅक्टरसारखी गर्जली तर आधी खाली वाकून बघा, पाइप दोन्हीकडे साफ कापलेला असेल. तशीच चालवू नका, मोकळा पाइप केबिनखाली धूर सोडतो. फोटो काढा, पोलिसांत तक्रार नोंदवा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. रस्त्यावर लावणं भागच असेल तर कन्व्हर्टरची बाजू भिंतीला किंवा उंच फूटपाथला लागून ठेवा आणि सांध्यांच्या नटांवर वेल्डिंगचा एकेक टिपका मारून घ्या. पुढे उघडताना तो घासून काढता येतो.